पश्चिमेस लालासाहेब यांचे घर

चार वर्षांत आण्णा पहिल्यांदा आमच्या पायरीशी येऊन उभे राहिले, तेव्हा त्यांच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली विम्याची पॉलिसी होती.

पुराचं पाणी उतरून सहा दिवस झाले होते. अंगणातला गाळ अजून पावलाला धरत होता. आण्णा म्हणजे लालासाहेब, माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. आमची दोन घरं एकाच अंगणात समोरासमोर आहेत. पूर्वेला रस्त्याकडेचं दगडी, पत्र्याचं जुनं घर त्यांचं. पश्चिमेला ओढ्याच्या बाजूचं विटांचं, स्लॅबचं घर आमचं. मधलं अंतर एकोणीस पावलं. वडील वारल्यापासून ती एकोणीस पावलं कुणी ओलांडली नव्हती.

"प्रांजल, हाईस का?"

मी बाहेर आले. आई आतल्या दारात पदर सावरून उभी राहिली. थोरल्या दिराशी ती आधीही समोरासमोर बोलत नसे. आता तर चार वर्षांचा राग होता.

"तुमच्या घराची पॉलिसी असंल की," आण्णा म्हणाले. "ती आन ही, दोनी शेजारी ठिवून बघ. मेळ घालून बघ जरा."

"कशाचा मेळ?"

"तू शिकलेली हाईस. मी काय सांगू तुला?"

"पाणी घ्यायचं का म्हणावं," आई आतून म्हणाली. तिचा आवाज असा होता की कुणी पाणी घेतलं नसतं. आण्णांनी पिशवी पायरीवर ठेवली आणि गाळातून चपला ओढत परत गेले.

"कागद ठिवून गेला," आई म्हणाली. "म्हंजे न्यायला परत येणार. आन न्यायला आला की म्हणणार, तुमचा दावा बघू. आपल्याला किती मिळणार हाय त्याचा वास लागलाय त्याला."

"आई, त्यांनी स्वतःचा कागद दिलाय. आपला मागितला नाही."

"अजून. अजून मागितला न्हाई."

आमच्या स्वयंपाकघराची मागची भिंत पडली होती. ओढ्यातून पाणी फुगून आलं आणि तीन दिवस पायाशी उभं राहिलं. चौथ्या दिवशी, पाणी ओसरत असताना, भिंत बाहेरच्या बाजूला झोपली. वरचा स्लॅब भाड्याच्या चार लोखंडी जॅकवर तोललेला होता. मी मिरजेच्या ज्या प्रयोगशाळेत काम करते तिथून दहा दिवसांची रजा काढून आले होते. गवंडी पाहून म्हणाला होता, भिंत लवकर उभी करा, जॅक हे काय घर नव्हे. भिंतीसाठी आमच्याकडे एकच आधार होता, घराचा विमा. मागच्या मोठ्या पुरानंतर आईने तो घेतला होता आणि तीन वर्षं एकही हप्ता चुकवला नव्हता. नुकसानीची खबर तिने पाणी चढतानाच दिली होती, आणि विमा कंपनीचा सर्व्हेअर येत्या गुरुवारी येणार होता.

मी दोन्ही पॉलिसी ओट्यावर पसरल्या आणि वहीत रकाने पाडले. मला असं काम आवडतं. प्रत्येकी नऊ पानं, एकाच कंपनीच्या, एकाच दिवशी काढलेल्या, एजंट एकच: जयराज. पूर, वीज, आग दोन्हीत. घरातल्या सामानाला आण्णांच्या पॉलिसीत कवच होतं, आमच्यात नव्हतं. इथपर्यंत सगळं साधं होतं.

मग मी घराच्या वर्णनाच्या पानावर आले. आईच्या पॉलिसीत लिहिलं होतं: बांधकाम दगडी, छत पत्र्याचं.

मी वर पाहिलं. वर स्लॅब होता. तडा गेलेला, जॅकवर तोललेला, पण स्लॅब.

टंकलेखनाची चूक, हे माझं पहिलं अनुमान. चूक एका ठिकाणी असेल तर ती चूक असते. म्हणून मी पुढे पाहिलं. क्षेत्रफळ सहाशे पंचवीस चौरस फूट. मी टेप आणली आणि आईला एक टोक धरायला लावलं. आमचं घर बाहेरून एकतीस बाय अठ्ठावीस भरलं, म्हणजे आठशे अडुसष्ट. आण्णांच्या पॉलिसीत आठशे सत्तर होतं, आणि स्लॅब, आणि वीटकाम.

आण्णा दूध घालायला डेअरीवर गेल्यावर मी अंगण ओलांडलं आणि त्यांच्या घराच्या दोन भिंती मोजल्या. सव्वीस बाय चोवीस. सहाशे चोवीस.

"काय गं, काय निघालं?" आई दारातूनच ओरडली.

मी परत ओट्याशी आले. शेवटची ओळ राहिली होती: चतुःसीमा, म्हणजे घराच्या चार बाजूंना काय आहे ते. आईच्या पॉलिसीत लिहिलं होतं, पूर्वेस गावरस्ता. पश्चिमेस अंगण व त्यापलीकडे लालासाहेब यांचे घर.

त्यापलीकडे आमचंच घर होतं. पडलेल्या भिंतीच्या जागेतून संध्याकाळचं ऊन आत येत होतं, आणि कागद सांगत होता की मी ज्या स्वयंपाकघरात सकाळी चहा केला ते लालासाहेब यांचं आहे.

मी आईला हळूहळू सांगितलं. आपण तीन वर्षं ज्या घराचा विमा भरला ते आण्णांचं दगडी घर. त्याच्या भिंती फक्त ओल्या झाल्यात. आणि आपल्या या घराचा विमा आण्णांच्या नावावर आहे.

आईने टेप गुंडाळून ठेवली. मग म्हणाली, "बघ. म्हटलं हुतं का न्हाई?"

काय म्हटलं होतं ते मला माहीत होतं. वडील गेल्यानंतर बाराव्या दिवशी, उद्या तेरावं म्हणून घर पाहुण्यांनी भरलेलं असताना, आण्णा एक स्टॅम्पपेपर घेऊन आले होते. "एवढी सही करून टाक, माणसं जमल्यात तवर," असं म्हणाले होते. कराडहून आलेल्या आकाराममामांनी आईला आधीच बजावलं होतं, तेरावं होईस्तोवर कशावरबी सही करायची न्हाई, मग त्यो देव असू दे. आईने कागद वाचलाही नाही. परत सरकवला. आण्णा उठून गेले, ते ही पिशवी घेऊन येईपर्यंत आले नाहीत. त्या एका कागदावर आईने चार वर्षं संशयाचं अख्खं घर बांधलं होतं, आणि आज मी टेप लावून त्याचं माप तिला काढून दिलं.

दुसऱ्या दिवशी मी जयराजला फोन केला. तो सांगलीहून मोटरसायकलवर तासाभरात आला. गाळ चुकवत, बुटांना पिशव्या बांधून. तिशीतला, बोलका, शर्टाच्या खिशाला तीन पेनं.

"ताई, मी काय केलं सांगू का," तो म्हणाला. "त्या वर्षी या गावात एका दिवसात अठ्ठावीस पॉलिसी केल्या. ग्रामपंचायतीत टेबल टाकून बसलो. ज्यानं त्यानं घरपट्टीची पावती आणली. पावतीवर जो मिळकत नंबर, तो रजिस्टरात बघायचा, बांधकाम, माप, चतुःसीमा उतरून घ्यायची. झालं."

"घरं पाहिली नाहीत?"

"अठ्ठावीस घरं गाळात हुती ताई. कसलं बघायचं?"

"म्हणजे रजिस्टरातच घरं उलटी आहेत."

"ते मला काय म्हाईत? पावती तुमच्या आईंनी दिली. त्यांच्या नावाची. त्यांनी आपल्या नावाची दिली, आण्णांनी आपल्या नावाची." त्याने आवाज खाली आणला. "आण्णांना मात्र ठाऊक हाय बरं का. परवा खबर द्यायला आलं तवा माझ्याकडनं पॉलिसी वाचून घेतली त्यांनी. चतुःसीमा दोनदा वाचायला लावली. आन कायबी न बोलता गेलं उठून."

हे ऐकून आईने माझ्याकडे जे पाहिलं त्यात शब्दांची गरज नव्हती.

मी तिथूनच आण्णांच्या ओसरीवर गेले. ते खाटेवर बसून ओल्या भिंतीचे पोपडे खुरप्याने काढत होते. मी उभ्यानेच विचारलं, "आण्णा, तुम्हाला माहीत होतं. मग सरळ सांगितलं का नाही?"

"मी सांगितलं असतं तर तुझ्या आईनं काय म्हटलं असतं?"

त्यांनी खुरप्याने आणखी एक पोपडा काढला.

"खोटं म्हटलं असतं. आकडं तू काढलंस म्हणून तरी खरं वाटलं असंल." त्यांनी खुरपं खाली ठेवलं. "बस."

"रजिस्टर उलटं कसं झालं?"

"उलटं न्हाई झालं. आमी उलटं झालो. तुझ्या आज्जानं स्लॅबचं घर बांधलं तवा थोरला म्हणून माझं नाव लावलं, आन जुनं भाऊसोच्या, तुझ्या बाच्या नावानं. पुढं म्हातारा गेल्यावर वाटणी झाली, पाच माणसांसमोर. आपल्यात वाटं थोरल्यानं घालायचं असत्यात आन उचलायचं पयल्यांदा धाकट्यानं. मी दोन वाटं घातलं. नवं घर आन ओढ्याकडची पट्टी एकीकडं, जुनं घर आन नदीकाठचं मळईचं रान एकीकडं. भाऊसो सुट्टीवर आलावता, पलटनीत परत जायचा हुता. त्यानं नवं घर उचललं. आठ दिसांत बाडबिस्तारा हिकडचा तिकडं केला. कागद तसाच राहिला. त्यो गेल्यावर जुन्या घराला वारस म्हणून तुझ्या आईचं नाव लागलं."

"इतकी वर्षं?"

"मी म्हणायचो, भाऊसो, कागद करून घेऊ. त्यो म्हणायचा, कागद कुणाला दावायचाय, आण्णा? पाच माणसं हाईत की. आता त्यातली तीन गेली." ते किंचित हसले. "त्याच्या बाराव्याला उरलेली दोन गावात आलीवती. म्हटलं त्यांच्या सह्या हुतील, तुमच्या नावावर घर करून टाकू. स्टॅम्प घेऊन आलो. तर तुझ्या मामानं माझ्याकडं असं बघितलं, जसं काय मी मढ्याच्या अंगावरनं धोतर ओढाय आलोय."

ही गोष्ट सगळीकडून बसत होती. पण बसणारी गोष्ट आणि खरी गोष्ट यांत फरक असतो, हे मला प्रयोगशाळेत रोज दिसतं. मी विचारलं, "तो स्टॅम्पपेपर आहे अजून?"

"पुरात गेला. ह्याच पुरात," ते म्हणाले. "ट्रंकेत हुता."

अर्थात. पुराव्यांपैकी नेमका तोच कागद पुरात जावा.

परत आले तर जयराजने आईसमोर उपाय मांडून ठेवला होता. आण्णांनी आपल्या पॉलिसीवर आमच्या भिंतीचा दावा करायचा. कागदावर घर त्यांचं, पॉलिसी त्यांची, हप्ते त्यांचे. कंपनीला दुसरं काही दिसत नाही. फक्त राहायला वेगळी माणसं आहेत, तर सर्व्हेअर विचारणार. त्यासाठी आईने एक संमतीपत्र द्यायचं: सदर घर लालासाहेब यांच्या मालकीचे असून मी त्यांच्या परवानगीने तेथे राहते. पैसे आण्णांच्या खात्यावर येतील आणि आण्णा ते आम्हाला देतील.

"देतील," आई म्हणाली.

"देतील की. घरातलीच तर गोष्ट हाय."

"आन तू कुणाच्या घरातला?"

जयराज हसला, पण घाम पुसला. मी विचारलं, "हे खोटं नाही का?"

"रजिस्टर काढा ताई. त्यात काय हाय त्ये मी लिवलंय. रजिस्टराला खोटं म्हणायचं असलं तर तुमी म्हणा."

मी त्याने लिहिलेलं संमतीपत्र घेतलं आणि वहीत ठेवलं.

रात्री मामांना फोन लावला. स्पीकरवर ते इतक्या जोरात बोलले की जॅक हलतील असं वाटलं. "चंद्रे, सही केलीस तर घर गेलं बघ! बाराव्याला जमलं न्हाई ते आता भिंत पाडून करतोय त्यो!"

"भिंत पाण्यानं पाडली, दादा."

"पाणी काय, पाणी निमित्त!"

आई तिकडे फोनवर होती तेव्हा मी वहीत चार शक्यता मांडल्या. एक, आण्णा खरे आणि जयराज खरा. दोन, आण्णा खरे, जयराज स्वतःची चूक झाकतोय. दावा आण्णांच्या नावाने गेला तर त्याने न पाहता भरलेले अठ्ठावीस अर्ज कुणी तपासणार नाही. तीन, दोघं मिळून घर लाटतायत. चार, आण्णा एकटे, आणि जयराजला काहीच कळलेलं नाही. संमतीपत्र एकदा कंपनीच्या फायलीत गेलं की शेवटच्या दोन शक्यतांत आईकडे घर उरत नव्हतं: रजिस्टर त्यांचं, पॉलिसी त्यांची, आणि आता आमचीही सही. शक्यता पडताळायची तर आधी सही करावी लागत होती. सही केली की पडताळा चुकल्यावर मागे येता येत नव्हतं.

स्लॅब मात्र आमच्या शक्यतांची वाट पाहत नव्हता. मी तड्याच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीने खुणा करून रोज सकाळी पट्टी लावत होते. सोमवारी चार मिलिमीटर. मंगळवारी साडेचार. बुधवारी सकाळी सहा. मी आकडा आईला दाखवला.

"म्हंजे किती दिवस?" तिने विचारलं.

"असं सांगता येत नाही. वाढ सरळ रेषेत नाही."

"सरळ सांग की."

"लवकर, आई."

तिने जेवणाची ताटं घासून पालथी घातली. हात पुसले. मग म्हणाली, "आण त्यो कागद."

"मामा—"

"मामाच्या डोस्क्यावर स्लॅब न्हाई." तिने सही केली. सावकाश, पूर्ण नाव. चंद्राबाई भाऊसो, आणि पुढे आडनाव. सही करून झाल्यावर पेन माझ्या हातात देताना म्हणाली, "उद्या त्यानं सर्व्हेअरसमोर 'माझं घर' म्हटलं, की म्या हितनं उठले समज. मग राहिले काय आन न्हाई काय. परवानगीनं राहणारी."

संध्याकाळी जयराज आला. मी कागद जयराजला दिला, आणि त्याने तो पारदर्शक फोल्डरात सरकवताना फोल्डरकडे असं पाहिलं की मला वाटलं, आपण चूक केली.

गुरुवारी अकराला सर्व्हेअर आल्या. प्रियदर्शनी मॅडम, चाळिशीच्या, पायात गमबूट, गळ्यात कॅमेरा. त्यांनी आल्या आल्या जॅक मोजले, भिंतीचा पाया पाहिला, तड्याचा फोटो काढला. माझ्या पेन्सिलीच्या खुणा पाहून म्हणाल्या, "हे कुणी केलं? छान." त्यांनी स्वतःची पट्टी लावली आणि मान हलवली. त्यांचं काम पाहून मला बरं वाटलं, आणि त्याच वेळी भीतीही. ही बाई सगळं नीट पाहणार होती.

आण्णा अंगणात आले होते. स्वच्छ धोतर, टोपी. जयराज त्यांच्या कानाशी लागला होता. "आण्णा, एवढंच म्हणायचं, घर माझं, भावजय राहती. दोन वाक्यं. खोटं कायबी न्हाई." आण्णा ऐकत होते की नाही ते कळत नव्हतं. आई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिचा एक हात चौकटीवरून निघत नव्हता.

"पॉलिसीधारक लालासाहेब तुम्हीच ना?" मॅडमनी फॉर्मवर पेन ठेवलं.

"व्हय."

"हे घर तुमच्या मालकीचं?"

जयराजने फोल्डर पुढे केलं. "मॅडम, हे संमतीपत्र, ह्यांच्या भावजयीचं, त्या हितं—"

"मी त्यांना विचारलंय," मॅडम म्हणाल्या.

मी आण्णांच्या चेहऱ्याकडे पाहत होते. त्यांची नजर पडलेल्या भिंतीच्या जागेतून पलीकडे, ओढ्यावर होती. जयराजची बोटं फोल्डरवर वाजत होती. मी मनात मोजत होते. अकरापर्यंत मोजून झालं तेव्हा ते बोलले.

"रजिस्टरात माझं नाव हाय."

"बरोबर, ते आहे माझ्याकडे. घर तुमचं आहे ना?"

"न्हाई."

जयराजच्या तोंडून नुसता श्वास निघाला.

"घर माझ्या भावाचं," आण्णा म्हणाले. "त्यानं वाट्यात उचललं. पाच माणसांसमोर. आता त्याच्या बायकूचं हाय. माझं त्ये," त्यांनी अंगणापलीकडे हात केला. "दगडाचं."

"आजोबा, तुम्हाला कळतंय ना काय सांगताय?" मॅडमचा आवाज जरा मऊ झाला. "तुमचा या घरात हक्क नाही असं तुम्ही म्हणालात, तर या पॉलिसीवर मला शिफारस करता येणार नाही. आणि त्यांची पॉलिसी या घराची नाही."

"कळतंय की. चतुःसीमा ऐकलीया मी. दोनदा." मग ते जयराजकडे वळले. "त्यो कागद दे हिकडं."

जयराजने संमतीपत्र काढून दिलं. आण्णांनी ते वाचायचा प्रयत्न केला नाही. चौकटीजवळ आले, कागद पायरीवर ठेवला आणि दोन पावलं मागे सरकले. आईला कागद घ्यायचा तर त्यांच्या हातून घ्यावा लागू नये, म्हणून.

आईने कागद घेतला नाही. तिने पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि पहिल्यांदा, माझ्या आठवणीत अगदी पहिल्यांदा, मला मधे न घेता त्यांच्याशी बोलली.

"आवं आण्णा, एकदा म्हटला असता माझं घर म्हणून तर काय तोंड झडलं असतं का तुमचं?"

आण्णा चमकले. मीही.

"आन रात्रभर डोळ्याला डोळा न्हाई माझ्या! सही केलीया! आता कशानं उभी करू मी भिंत? तुमच्या खरेपणानं?"

"आता तू म्हणालीस तर—" आण्णा अडखळले. "मला वाटलं, तुला त्येच भ्या वाटतंय. मी म्हणंन म्हणून."

"वाटत हुतं की! वाटायचंच! चार वरसं काय बोलला न्हाई तुमी, मग माणसानं काय समजायचं?"

"मी कागद घेऊन आलोवतो."

"बाराव्याला! बाराव्याला कुणी कागद घेऊन येतं व्हय?"

प्रियदर्शनी मॅडमनी पेनाचं टोपण लावलं. त्या माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाल्या, "मी भिंतीची स्थिती लिहून देते. दावा बसणार नाही, पण तहसीलच्या पंचनाम्याला उपयोगी पडेल. आणि वाटणीपत्र नोंदवून घ्या. मग पॉलिसी बदलून घेता येतील, पुढच्या पावसाआधी." जयराजला त्यांनी विचारलं, गावात त्या दिवशी किती पॉलिसी केल्या होत्या. तो "अठ्ठावीस" म्हणाला आणि लगेच त्याला कळलं की तो आकडा सांगायला नको होता. मॅडमनी तो लिहून घेतला.

त्या गेल्यावर अंगणात आम्ही चौघंच राहिलो. माझ्या चार शक्यतांपैकी निदान दोन आता खोडता येत होत्या. तरी एक प्रश्न उरत होता: मॅडम इतक्या नीट पाहणाऱ्या नसत्या, तर आण्णा काय म्हणाले असते? तो मी विचारला नाही. त्याचं उत्तर मिळवायचं साधन माझ्याकडे नव्हतं, आणि त्यांच्याकडेही नसावं.

"माझ्या गोठ्यात वीट पडलीया," आण्णा म्हणाले. "बाराशे तरी असंल. घराम्होरला सोपा वाढवायचा म्हणून आणलीवती. पाण्यात बुडलीवती, पण वीट पाण्याला भीत न्हाई. उद्या गवंड्याला बोलावतो."

"उद्या गवंडी न्हाई," आई म्हणाली.

"आगं, स्लॅब—"

"गवंड्याला आजच बोलवा. उद्या सांगलीला जायचं, रजिस्टर हापिसात. जी दोन माणसं उरल्यात त्यांना घेऊन. भिंत काय, हुईल." तिने पायरीवरचं संमतीपत्र उचललं, चार घड्या घातल्या आणि कमरेला खोचलं. "पण तुमचं मन फिरलं म्हंजे?"

आण्णांनी टोपी काढून डोकं खाजवलं. बऱ्याच दिवसांनी त्यांना कुणीतरी तोंडावर बोललं होतं, आणि ते त्यांना आवडलंय की काय असं मला वाटून गेलं.

"फिरंल की," ते म्हणाले. "माणूसच हाय मी."

"म्हणून तर," आई म्हणाली. "सकाळी आठची एस्टी. आन कागद मी वाचल्याबिगर सही करायची न्हाई. तुमीबी न्हाई."